खुर्चीवरची घोंगडी

माझी ओळख आधी वासानं होते, मग नजरेनं. मेंढरांच्या वाडग्याचा वास माझ्या अंगाला कायमचा आहे, कितीही उन्हात टाका, जात नाही. मी घोंगडी. काळी, दोन्ही काठांना पांढरी रेघ, आणि एका कोपऱ्याला हळदीचा पिवळा डाग. तो डाग घेऊन मी जन्मले नव्हते. पण पुढं माझ्या वाट्याला जे जे आलं ते त्या डागामुळंच.

माझ्यावर बसून एक माणूस पंच झाला, एक माणूस साहेब झाला. आणि एक माणूस उभा राहिला तो अजून उभाच आहे. त्याची गोष्ट मला सांगायची आहे, पण ती साहेबांच्या गोष्टीशिवाय सांगता येत नाही.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, जिथं ढग बघून कुणी वाळत घातलेले कपडे आत घेत नाही, तिथं एक ओढा आहे. अलीकडं सातारा जिल्हा, पलीकडं सांगली. ओढ्याला पाणी नसतं, पण जिल्हा मात्र बदलतो. दोन्ही काठांना मेंढरं राखणाऱ्यांच्या चार वाड्या, सगळी एकमेकांची भावकी. त्यातल्या एका वाडीत हरणाबाईंनी काळ्या मेंढ्यांची लोकर निवडून चातीवर माझं सूत काढलं. सूत पुरं होईपर्यंत त्यांनी रविवारचं मीठ सोडलं होतं. बिरोबाला म्हणाल्या होत्या, "मालकाच्या बसण्याला जायचंय, देवा. यात काय खोटं गुतू देऊ नगं." बाजारगावच्या सणगरानं मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ पाजली, आणि मी ताठ झाले. नवीन घोंगडी फार टोचते. मीही टोचायची. खरं सांगणाऱ्या माणसासारखी.

हरणाबाईंचे मालक म्हणजे नानासो अण्णा, चार वाड्यांचे पंच. भांडण उभं राहिलं की मला बिरोबाच्या देवळापुढं अंथरायचे आणि वर चिमूटभर भंडारा टाकायचे. भंडारा म्हणजे देवाची हळद. माझा डाग त्याचाच. एका टोकाला अण्णा बसायचे, दुसऱ्या टोकाला ज्याच्यावर आळ आहे तो. घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नाही, हा आमच्या वाड्यांचा नेम. आणि त्याच नेमाचा दुसरा अर्धा भाग असा की जो खरं बोलला, त्याला अण्णा स्वतःच्या ताटातला एक घास स्वतःच्या हातानं भरवायचे. घास मिळाला की माणूस पंगतीत परत आला. मग त्याच्या चुकीचं नाव कुणी काढायचं नाही. खरं बोलला पण घास मिळाला नाही, तर मात्र तो पंगतीच्या बाहेर.

एकदा एकानं पाहुण्याचा एडका विकून खाल्ला होता. माझ्यावर बसला, बराच वेळ माझ्या काठाची दशी पिळत राहिला, मग म्हणाला, "मीच नेला, अण्णा."

"का रं?"

"पोरगी आजारी हुती." थोडा थांबला. "आन लालूच बी सुटली हुती."

माणसं हसली. अण्णांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून त्याच्या तोंडात घातला. तो चावत चावत म्हणाला, "कालवण लय तिखट हाय." तेव्हा अण्णाही हसले. एडक्याचं काय करायचं ते मागाहून ठरलं. आधी घास.

धनाजी हा अण्णांचा थोरला मुलगा. तो दूर बसून हे सगळं बघायचा. हुशार होता. साताऱ्यात वसतिगृहात राहून शिकला, वकील झाला, कोट शिवला. अण्णा गेले त्याच वर्षी तो न्यायाधीशाची परीक्षा पास झाला. पंच गेला की घोंगडी थोरल्या मुलाकडं जाते, आणि घास भरवायचा मानही त्याच्याकडंच जातो. दुसऱ्या कुणी भरवलेला चालत नाही. हरणाबाईंनी माझी घडी करून त्याच्या ट्रंकेवर ठेवली.

"आई, हे तिकडं कुठं नेऊ?"

"बसायला घे. तुज्या बाचं काम आन तुजं काम येकच हाय."

"तसं नसतं गं ते."

"मग कसं असतं?" हरणाबाईंनी खरंच विचारलं होतं. धनाजीनं मला ट्रंकेत घातलं.

पहिल्या नेमणुकीच्या तालुक्याला पौषात फार थंडी पडते. एके दिवशी साहेबांनी, म्हणजे धनाजींनी, मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं. त्या दिवशी एक मेंढकं उभं होतं, वनखात्याच्या रानात मेंढरं चारली म्हणून. आधीच्या दोन तारखांना तो "मी न्हवं" म्हणाला होता. त्यानं मान वर केली, माझा पिवळा कोपरा बघितला, साहेबांचं आडनाव पाटीवर वाचून घेतलं, आणि म्हणाला, "चारली, साहेब. मीच चारली."

साहेबांनी लेखणी थांबवली. मागं वळून माझ्याकडं बघितलं. तसं बघणं मला अण्णांच्या डोळ्यांत कधी दिसलं नव्हतं. विहीर खणताना ओल लागली की माणूस खाली बघतो, तसं ते होतं.

साक्षीपुरावा टळला, पुढच्या तारखा टळल्या, प्रकरण त्याच बैठकीत निकाली निघालं. दंड भरून तो माणूस थोडा वेळ रेंगाळला, खुर्चीकडं बघत. मग पुकारा झाला, दुसऱ्याचं नाव आलं, आणि पट्टेवाल्यानं त्याला बाहेर काढलं.

त्या दिवसापासून मी खुर्चीवर राहिले. साहेबांची बदली झाली की खुर्ची बदलायची, मी तीच. न्यायाधीशांचं काम वरचे लोक निकाली निघालेल्या प्रकरणांवरून जोखतात. आमचे साहेब कुठंच मागं पडले नाहीत. इतर दिवशी माझी घडी आत वळवलेली असायची. मेंढरं राखणारं कुणी उभं राहायचं असलं की तेवढा पिवळा कोपरा बाहेर यायचा. माणसं लांबलांब पोटासाठी हिंडतात, कुठंही सापडतात. आणि आमच्या भावकीतली माणसं मला जिथं बघतील तिथं ओळखतात.

फिरत फिरत साहेब मोठ्या कोर्टात आले. कुठल्या गावचं ते मी सांगणार नाही. तिथल्या भिंतींचा काही दोष नव्हता. तिथं मानसिंग नावाचा पट्टेवाला होता, गमत्या माणूस. तो सकाळी बोर्डावरची नावं वाचून आत यायचा.

"साहेब, आज मेंढकं हायती. घोंगडं झटकू का?"

"झटक."

"कोपरा भायेर?"

"तुला सगळं सांगावं लागतं काय रे?"

वकीलमंडळी चहाच्या टपरीवर आम्हाला घोंगडी कोर्ट म्हणायची. साहेबांच्या कानावर ते आलं होतं. त्यांना राग आला नाही. उलट एकदा घरी पत्नीला, मायाताईंना, त्यांनी ते हसत हसत सांगितलं. मायाताई तेव्हा वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "हसण्यासारखं आहे का हो हे?" साहेब म्हणाले, "गुन्हेगार स्वतः कबूल होतो, यापेक्षा स्वच्छ न्याय कुठला?" मायाताईंनी पुढची वात वळायला घेतली.  घरात सणाचा दिवस होता.

आणि मग गुंडा आला.

गुंडा ओढ्यापलीकडच्या वाडीतला. दरवर्षीसारखा मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरला होता. एका विहिरीवर पाण्यावरून वाद झाला आणि त्या शिवारातला एक माणूस मेला. बघणारे दोघंच होते. ते दोन्ही साक्षीदार आधीच फिरले होते. गुंडाच्या वकिलानं त्याला बजावलं होतं, साहेब काहीही विचारोत, तू 'खोटं आहे' एवढंच म्हणायचं. तेवढं म्हटलं असतं तर संध्याकाळच्या एसटीनं तो घरी गेला असता. कोर्टाच्या दारात त्याची बायको सुलाबाई उभी होती, कडेवर मुलगी. मुलीचं नाव अपेक्षा. तिच्या हातात बिस्किटाचा पुडा होता, घरी जाताना एसटीत खायला म्हणून न फोडलेला.

"नाव?"

"गुंडा."

"वाडी कुठली?"

गुंडानं वाडी सांगितली. साहेबांनी चष्मा काढला. सकाळपासून ते कोर्टाची मराठी बोलत होते. आता ते अण्णांसारखं बोलले.

"म्हंजे वड्याच्या पल्याडचा. माज्या आज्जीचं म्हायेर तिथलं."

त्यांनी मला खुर्चीवरून ओढून मांडीवर घेतलं. पिवळा कोपरा वर.

"वळाकतोस का हे?"

गुंडानं डोक्यावरचं मुंडासं काढलं. "नानासो अण्णांचं घोंगडं हाय. ल्हान असताना बिरोबाम्होरं बघितलंय."

"मग बोल. त्या दिशी काय झालं?"

वकील उठले. "साहेब, उत्तर द्यायचं की नाही हा आरोपीचा हक्क आहे, एवढं त्याला कळावं..."

"मी सक्ती केलेली नाही, वकीलसाहेब. बसा. मी फक्त घोंगडं दाखवलं."

हे खरंच होतं. साहेब त्या खुर्चीत बसून कधी खोटं बोलले नाहीत. म्हणून तर त्यांच्या कामात कुणाला खोट काढता आली नाही.

गुंडा माझ्याकडं बघत बोलला. "त्येनं गाभण मेंढीच्या पोटात लाथ घातली, साहेब. मी ढकललं त्येला. काठी बी मारली, येकच. त्यो हिरीच्या काठावर पडला, डोस्कं फुटलं. मारायचं मनात न्हवतं. पर मेला तो माज्याच हातनं."

दारात सुलाबाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मला तो चेहरा विसरता येत नाही. तिला वाटलं, झालं, सुटलो. तिनं मुलीच्या हातातला बिस्किटाचा पुडा फोडून दिला.

टंकलेखकाची बोटं थांबली तेव्हा गुंडा तसाच उभा होता, मान थोडी पुढं काढून. त्याची नजर साहेबांच्या उजव्या हातावर होती. कुणीच काही करेना तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "साहेब, घास?"

बाकांवरून हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, "भूक लागली वाटतं." साहेब घड्याळाकडं बघून म्हणाले, "जेवायची वेळ झालीच आहे. याला काहीतरी खायला घाला रे." मग तर सगळं कोर्ट हसलं. मानसिंगनं पट्ट्याच्या टोकानं डोळे पुसले. साहेबही हसले.

पण मी त्यांच्या मांडीवर होते. टेबलाखाली त्यांच्या मुठीत माझी दशी होती आणि ती मूठ घट्ट आवळलेली होती. घास म्हणजे काय, हे त्या खोलीत गुंडाखेरीज त्यांनाच माहीत होतं.

दहा वर्षं सक्तमजुरी. निकालात लिहिलं होतं की आरोपीनं कोणत्याही दबावाशिवाय, स्वतःहून कबुली दिली.

दिवाळीला हरणाबाई साहेबांच्या बंगल्यावर आल्या. वाडीत बातमी पोचली होती. पायसुद्धा न धुता त्यांनी विचारलं, "घास दिलास का रं त्येला?"

"आई, ते कोर्ट होतं. देऊळ नव्हतं."

"मग घोंगडं कशाला दावलंस?"

"जेव आता. दमली असशील."

"घोंगडं परत दे माजं."

"ते आता माझं आहे," साहेब म्हणाले. हेही खरंच होतं. हरणाबाईंनी बंगल्यात आपल्या मुलाच्या ताटाशेजारी ताट घेतलं नाही, मागच्या पायरीवर बसून जेवल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. जाताना त्यांनी माझं नाव काढलं की नाही, मला कुणी सांगितलं नाही.

साहेब चढत गेले. प्रमुख न्यायाधीश झाले. पुढं लाल पट्टेवाला, मागं गाडी. निरोपाच्या समारंभात त्यांनी मला व्यासपीठावर आणलं आणि माईकवरून सांगितलं, "ही माझ्या वडिलांची घोंगडी. मी मातीशी नातं तोडलं नाही." टाळ्या पडल्या. त्यांनी गुंडाचीही गोष्ट सांगितली, नाव न घेता, घासाचा भाग वगळून. तीही लोकांना आवडली.

निवृत्तीनंतर सांगलीत बंगला बांधला. काही महिने मी दिवाणखान्यात सोफ्यावर होते, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. मग घरात कुत्रा आला, रॉकी. त्याला फरशी गार लागायची. मला पडवीत त्याच्याखाली टाकलं. मी तक्रार करत नाही. कुत्र्याची झोप प्रामाणिक असते, आणि तोही माझ्यावर कधी खोटं भुंकला नाही. मायाताई तेवढ्या गुरुवारी दिवा लावून बाहेर आल्या की रॉकीला उठवून मला झटकायच्या, पुन्हा अंथरायच्या. एकदा पिवळ्या डागावर बोट फिरवून त्यांनी ते कपाळाला लावलं होतं.

मागच्या मार्गशीर्षात फाटक वाजलं. गुंडा होता. केस पांढरे, पाठ वाकलेली. सुलाबाई तो आत असतानाच गेली होती. शिक्षा भोगून तो कधीच सुटला होता, पण वाडीत त्याला कुणी ताटाला घेत नव्हतं. कुणी वाईट बोलायचं नाही. लग्नाकार्यात त्याचं पान वेगळं, झाडाखाली. अपेक्षाला आता स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी एवढंच म्हटलं होतं, बापाला घास मिळू दे, मग सुपारी फोडू.

साहेब वर्तमानपत्र घेऊन पडवीत आले. गुंडा त्यांच्या पाया पडला नाही. मी दिसले, माझ्या पाया पडला. रॉकी गुरगुरला.

"साहेब, तेवडा घास राह्यलाय."

"कसला घास?"

"आवं, तुमास्नी ठावं हाय."

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी केली. "हे बघ. कुणी तुला पंगतीत घेत नसेल तर तो सामाजिक बहिष्कार आहे. त्याला कायदा आहे. कोण कोण वाळीत टाकतंय त्यांची नावं सांग. मी फोन करतो."

गुंडानं मान हलवली. "नावं न्हाई सांगत, साहेब. येकदा सांगून बघितलं."

आतल्या दारात मायाताई उभ्या होत्या. त्यांचा हात चौकटीवर होता.

"मी न्यायाधीश होतो," साहेब म्हणाले, "पंच नव्हतो."

"मग तवा माज्यासंगं कोण बोल्लं?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. मायाताई पुढं आल्या. "द्या की हो. घासच तर आहे. मी आत्ता ताट वाढते, तुम्ही फक्त हात लावा."

"म्हणजे काय होईल समजतंय का तुला? उद्या हाच सांगत फिरेल की साहेबांनी चूक कबूल केली. प्रत्येक जण येईल दारात."

मग मला कळलं, साहेब कशाला भीत होते. घास देणाऱ्याचं काही जात नाही. पण घास दिला असता तर त्या दिवशी तो का दिला नाही, हे विचारता आलं असतं.

गुंडा उठला. "मग घोंगडं तरी द्या."

"ने. तसंही वास मारतंय."

त्यानं रॉकीला पायानं नाही, हातानं बाजूला केलं आणि मला उचललं. मायाताई फाटकापर्यंत मागं आल्या, पदराखाली भाकरी झाकून. "दादा, एवढं तरी घ्या."

"तुमच्या हातचं चालत न्हाई, बाईसाहेब. आवं, तुमच्यात खोट न्हाई. पर चालत न्हाई."

"मग ऐका," मायाताई म्हणाल्या. "ते तुम्हाला घास देईपर्यंत मी भात सोडला. आजपासून." त्यांनी ते कुलदैवताचं नाव घेऊन म्हटलं, साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

गुंडानं मला कृष्णेच्या घाटावर धुतलं. कुत्र्याचे केस निघाले, डाग निघाला नाही. एसटीत तो मला मांडीवर घेऊन बसला, लेकरासारखं नाही, पुरावा घेऊन बसतात तसं.

पण वाडीत घोंगडं पुरलं नाही. तानाजी तात्या म्हणजे गुंडाचा चुलतभाऊ, आता वडीलधारा तोच. त्यानं मला उलटंसुलटं बघितलं. "घोंगडं आलं, गड्या. पंच कुठाय?"

शेवटी तात्यानंच मार्ग काढला. अपेक्षाचं लग्न तिच्या चुलत्यानं, म्हणजे तात्यानंच, लावायचं. गुंडानं त्या दिवशी वाडीत यायचं नाही, म्हणजे पंगतीचा प्रश्नच उरत नाही. मुलाकडचे तयार झाले. गुंडाही तयार झाला. "पोरीचं होऊ दे," एवढंच म्हणाला.

आणि पत्रिका छापून आली तेव्हा तिच्यावर प्रमुख पाहुणे म्हणून साहेबांचं नाव होतं. वाडीला त्यात काही वावगं दिसलं नाही. आपल्यातला एवढा मोठा झालेला माणूस, त्याला बोलवायचं नाही तर कुणाला? अपेक्षानं ती पत्रिका बापाला आणून दाखवली. "बरं झालं, आप्पा. आता ते हितंच येणार हायती. पंगत हाय, ताट हाय, तुमी वाडग्यात हाय. देतील की."

"व्हय," गुंडा म्हणाला. "देतील."

लग्नाच्या दिवशी वाडीपासून दोन शेतं अलीकडं, मेंढरांच्या वाडग्याशेजारी हिवराच्या झाडाखाली त्यानं मला अंथरलं. स्वच्छ धुतलेलं धोतर नेसला. वाडीकडं तोंड करून बसला. बँजो वाजत होता, माईकवरचा माणूस सगळ्यांची नावं घेत होता. दुपारी धुरळा उडवत गाडी आली. माईकवाला म्हणाला, "आपल्या मातीचे सुपुत्र, निवृत्त न्यायाधीश साहेब यांचा घोंगडी आणि काठी देऊन सत्कार होत आहे." गुंडानं माझ्याकडं बघितलं. "नवी दिली वाटतं," म्हणाला. तो हसला. मीही मनात म्हटलं, मशीनची असणार, टोचत नसेल.

अक्षता पडल्या. बापानं इथंच बसून हातातल्या चार अक्षता वाडीच्या दिशेनं टाकल्या. त्या माझ्यावरच पडल्या.

मग पंगती बसल्या. गुंडानं हात धुऊन घेतले. वाडीकडून येणाऱ्या पायवाटेवर त्याची नजर होती. एक पंगत उठली, दुसरी उठली. मग गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि धुरळा आला तसा परत गेला.

गुंडा उठला नाही.

थोड्या वेळानं पायवाटेवरून अपेक्षा आली. हिरवा शालू, मुंडावळ्या तशाच, हातात कागदाची पत्रावळ, दुसऱ्या हातानं झाकलेली. धावत आल्यामुळं धाप लागली होती.

"आप्पा, साहेबांची पत्रावळ हाय. उठल्या उठल्या मी उचलली, कुणाला हात लावू दिला न्हाई."

पत्रावळीत थोडा मसालेभात होता आणि अर्धी जिलेबी.

"साखर हाय म्हणं त्यास्नी. अर्धी खाल्ली, अर्धी टाकली." मग ती म्हणाली, "बाईसाहेबांनी भात घेतलाच न्हाई. तात्यांनी लय आग्रह केला. नेम हाय म्हणाल्या."

गुंडानं त्या अर्ध्या जिलेबीकडं बघितलं. तिच्यावर दाताच्या खुणा होत्या.

"खावा, आप्पा. ताटातलाच हाय की त्यांच्या."

"बाय, त्यो..." तो बोलायचा थांबला. हातानं द्यावा लागतो, असं त्याला म्हणायचं होतं. मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. वाडीकडून हाका येत होत्या, वऱ्हाडाची गाडी निघायची होती. तिचे डोळे त्याच्या तोंडावर होते. कोर्टाच्या दारातल्या सुलाबाईचे डोळे तसेच होते.

त्यानं जिलेबी तोंडात घातली.

"घोंगड्यावर बसून सांगा, आप्पा. पोचला का घास?"

"पोचला गं बाय," गुंडा म्हणाला. "आलो मी पंगतीत."

अपेक्षानं डोळे मिटले आणि उघडले. घोंगडीवर बसून कुणी खोटं बोलत नाही हे तिला जन्मापासून माहीत होतं. तिनं बापाच्या पायावर डोकं ठेवलं, माझ्या पिवळ्या कोपऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि शालू सावरत पळत गेली. जाताना मागं वळून हसली. इतकी हलकी होऊन सासरी गेलेली मुलगी मी दुसरी बघितलेली नाही.

गाडी नजरेआड झाल्यावर गुंडानं तोंडातली जिलेबी हातावर काढली. गिळली नव्हती. माझ्या कोपऱ्यात ठेवून दशीनं गाठ मारली.

माझ्यावर बसून एडका चोरणारे खरं बोलले, मारणारे खरं बोलले. साहेबसुद्धा एक शब्द खोटं बोलले नाहीत. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्यावर बसून खोटं बोललेला माणूस एकच, आणि तो हा.

आता मी इथंच असते, हिवराखाली. गुंडा रोज सकाळी मला वाटेच्या बाजूला तोंड करून अंथरतो, पलीकडच्या टोकाला एका माणसाची जागा सोडून. कोपऱ्यातली गाठ मुंग्यांनी केव्हाच रिकामी केली आहे, तरी तो ती सोडत नाही. मायाताई अजून भात खात नसतील, याची मला खात्री आहे. त्यांचा नेम मोडणाऱ्यातला नाही. एका घरात दोन वेळा चूल पेटते, एका बाईच्या ताटात भात नसतो, आणि शेजारी बसून जेवणाऱ्या माणसाला ते रोज दिसतं. कधीतरी त्याचा हात थांबेल.

सांगलीला गेलात आणि साहेब संध्याकाळी फिरताना दिसले, तर त्यांना कायद्याचं काही विचारू नका. एवढंच सांगा, रस्ता आता डांबरी झालाय, गाडी थेट हिवरापर्यंत येते. ताट आणायची गरज नाही, भाकरी इथं आहे. फक्त हात घेऊन या म्हणावं. आणि बसायला घोंगडी अंथरलेली आहे.